‘आई, तू पण मला रथाखाली घालशील?’

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीच्या वेळी सासूबाईंनी त्याला त्यांच्यावरचं एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं. मालेरावाच्या रथाखाली वासरू येतं, मग देवी स्वतःच्या या मुलाचे हातपाय बांधून त्याला रस्त्यात टाकतात आणि रथ हाकायला बसतात, असं एक मोठं पान त्यात आहे. परवा मुलाची सायकल शेजारच्या मांजरीच्या शेपटीवरून गेली. मांजर ठीक आहे. हा मात्र घरात येऊन पलंगाखाली लपला आणि म्हणाला, “आई, तू पण मला रथाखाली घालशील?” तेव्हापासून रात्री दिवा मालवू देत नाही. आमचे हे म्हणतात, सगळी भाकडकथा आहे, टाकून दे ते पुस्तक. सासूबाई म्हणतात, आम्ही हीच गोष्ट ऐकून मोठे झालो, आम्हाला काय झालं? लग्न होऊन त्या इंदूरला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? ही गोष्ट खरी आहे का? इतिहासाची पुस्तकं या वयात द्यावीत का, आणि द्यायची तर कशी निवडायची? त्याचं मराठी वाचन हिंदीच्या मानाने कच्चं आहे.
ता. क. : वाढदिवसाला माझा भाऊ पुण्याहून शिवाजी महाराजांचं पुस्तक पाठवतोय. तेही लपवून ठेवू का?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

प्रिय ताई,

आधी मुलाचं बघू. इतिहास इतकी वर्षं थांबलाय, आणखी एक रात्र थांबेल.

आज झोपवताना त्याला आडवळणं न घेता सांगा, “नाही. मी तुला असं कधीच करणार नाही. आणि अहिल्याबाईंनीही त्यांच्या मुलाला असं मारलेलं नाही.” दुसरं वाक्य त्याची समजूत काढायला रचलेली थाप नाही, कशावरून, ते पुढे सांगते. मांजरीचा विषय वेगळा काढा. तिला लागलं हे खरं, तर उद्या दोघं जाऊन तिची चौकशी करून या. चुकून कुणाला लागलं की काय करायचं, हे त्याला त्या एका फेरीत कळेल. त्यासाठी न्यायाधीश लागत नाही.

मुलाचं वाचन कच्चं आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ही गोष्ट त्याने आपल्या सगळ्यांपेक्षा बारकाईने वाचली आहे. आपण मोठी माणसं ती सिंहासनावर बसून ऐकतो आणि म्हणतो, वा, काय हा न्याय! सात वर्षांचं मूल ती चाकाखालून ऐकतं. ज्याच्या गाडीखाली चुकून जनावर आलं, तो मुलगा, त्याची आई, आणि आईने दिलेली शिक्षा. त्याच्याकडे सायकल होती, मांजर होती, तुम्ही होतात. पात्रं बिनचूक जुळली.

सासूबाईंचा मुद्दाही मला पटतो, पण अर्धाच. त्यांनी ही गोष्ट ऐकली होती. कुणाच्या तरी मांडीवर, ओळखीच्या आवाजात, आणि ऐकणारं मूल आपल्याला झेपेल तेवढंच मनात रंगवतं. चाक धूसर ठेवतं, दोर सैल ठेवतं, गाय जरा लवकर आडवी आणतं. तुमच्या मुलाने ती पाहिली. चित्रकाराने दोराचा पीळ काढला, चाकाच्या आऱ्या काढल्या, मालेरावाचे डोळे विस्फारलेले काढले. गोष्ट संपते, आजी मायेने केसांतून हात फिरवते. चित्र मात्र दुसऱ्या दिवशी पान उघडलं की पुन्हा तिथेच. चित्रपुस्तकाची ताकद हीच आहे आणि धोकाही तिथेच आहे. म्हणून ‘आम्हाला काय झालं’ हे इथे लागू होत नाही, एवढं त्यांना प्रेमाने सांगता येईल. तुम्हाला नाही जमलं तर हा अंक त्यांच्या चहाच्या कपाजवळ ठेवा.

आता खरं-खोटं.

सासूबाईंना ही गोष्ट आडा बाजार या इंदूरच्या जागेच्या नावासकट माहीत असणार. राजवाड्याजवळ मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडलं, गाय तिथेच बसून राहिली, देवींनी सुनेला विचारलं की आईदेखत लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, सून म्हणाली मृत्युदंड. देवी स्वतः रथ हाकू लागल्या तर तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी येऊ लागली! म्हणून तो आडा बाजार. सुनेला तो अपराधी कोण हे आधी सांगितलंच नव्हतं, हा या गोष्टीतला खरा नाट्याचा भाग, पण तो बहुतेक पुस्तकं गाळतात. असो.

तर हीच गोष्ट तमिळनाडूत तिरुवारूरला सांगतात. तिथे राजा आहे मनुनीती चोळ. राजवाड्याच्या दारी न्याय मागणाऱ्यांसाठी घंटा टांगलेली. वासरू गेलेली गाय येऊन ती घंटा वाजवते आणि राजा मुलाला रथाखाली घालतो. देवळाजवळ त्या प्रसंगाचा दगडी रथही आहे. त्याच्याही मागे गेलं तर श्रीलंकेतल्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, अनुराधपूरच्या एळार राजाबद्दल हेच लिहिलेलं सापडतं. तीच घंटा, तीच गाय, तेच चाक. थोडक्यात, अहिल्याबाई 1725 साली चौंडीला जन्मल्या त्याच्या हजारएक वर्षं आधीपासून ते वासरू मरत आलेलं आहे.

यात सासूबाईंना खोटं पाडण्यासारखं काही नाही. एखादा राज्यकर्ता फार न्यायी आहे असं लोकांना वाटलं की ही गोष्ट चालत त्याच्या दाराशी येते. इंदूरच्या लोकांनी ती आपल्या बाईंच्या दाराशी आणून बांधली, यावरून बाईंबद्दल लोकांना काय वाटत होतं ते कळतं. मालेरावाचं काय झालं ते मात्र यावरून कळत नाही.

ते कळायला दुसरीकडे जावं लागतं. जॉन माल्कम हा इंग्रज सेनानी 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला आणि नंतर माळव्याचा कारभार बघायला इथेच राहिला. बाईंना जाऊन तेव्हा पंचवीसच्या आत वर्षं झाली होती. त्यांच्या चाकरीत राहिलेली माणसं हयात होती. त्यांना विचारून विचारून त्याने जे लिहिलं ते 1823 साली लंडनला छापून आलं. आपल्याला हरवून बसलेला साहेब आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावं. पण बाईंबद्दल तो जे लिहितो त्यात कौतुकच कौतुक आहे, आणि ते कौतुक करून त्याला काही मिळायचं नव्हतं.

तो सांगतो ते असं. 1766 साली मल्हारराव गेले, नातू मालेराव गादीवर आला. पोर विशीतलं, पण लक्षण काही ठीक नव्हतं. आई ब्राह्मणांना दानधर्म करी आणि हा त्यांच्या कपड्यांत, जोड्यांत विंचू सोडून ठेवी. (ही गोष्ट मुलाला सांगून बघा. रथाचं पान विसरेल.) पुढे त्याच्या हातून एका निरपराध कारागिराचा जीव गेला, त्या पश्चात्तापाने त्याला वेड लागलं, त्या माणसाचं भूत अंगात आहे असं सगळे म्हणू लागले. अहिल्याबाई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून रडत होत्या, त्या भुताची विनवणी करत होत्या, तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या मुलाला सोड. गादीवर येऊन नऊ महिने झाले आणि मालेराव गेला. आईनेच मुलाला संपवलं अशी कुजबुज त्या काळीही होती. माल्कमने त्याचीही चौकशी केली आणि ती निराधार आहे असं लिहून ठेवलं.

ताई, हे वाचल्यावर मला तुमच्या घरच्या त्या पानाचा जरा रागच आला. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई आपल्या हाताशी होती, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना रथ हाकणारी आई दाखवत राहिलो. कारागिराचा खून, भूत, वेड हे काही सात वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. “मालेराव फार आजारी पडला, आई त्याच्याजवळ बसून राहिली, पण तो वाचला नाही” एवढं पुरे. बाईंची मुलगी मुक्ताबाई 1791 साली सती गेली, तेही आत्ता नको. दहा-अकरा वर्षांचा झाला की तो स्वतःच विचारेल, तेव्हा काही लपवू नका.

तुमच्या यजमानांसाठी एक किस्सा, हाही माल्कमकडूनच. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी एक पापी, दुबळी बाई, मला ही स्तुती कशाला, असं म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकून द्यायला सांगितला. ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूसही केली नाही. तेव्हा पुस्तक टाकून देण्याला घराण्याची परंपरा आहे, हे खरं. तरीही तुमच्याकडचं टाकू नका. पुस्तक गायब झालं की मुलाला वाटेल, त्यात काहीतरी फार भयंकर होतं म्हणून लपवलं. दिवसाउजेडी, आजी घरात असताना, ते त्याच्यासोबत पुन्हा उघडा आणि त्याला म्हणा, या पानाच्या जागी तू काय काढलं असतंस? कोरा कागद द्या. जे काढेल ते त्या पानावर चिकटवायचं नाही, नुसतं मध्ये सरकवून ठेवायचं. मोठा झाल्यावर त्याला दोन्ही बघता आली पाहिजेत.

मला विचाराल तर मी काय काढलं असतं ते सांगते, कारण पुस्तक कसं निवडावं या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

भर उन्हाळा, महेश्वरजवळचं शेत. शेतकरी नांगर धरून आहे आणि कुणीतरी अनोळखी माणूस धावत येऊन बैल थांबवतो. शेतकऱ्याला वाटतं, आता काय गुन्हा झाला? तो माणूस बैलांपुढे पाण्याचं भांडं ठेवतो. बाईंचा नोकर, बैलांना पाणी पाजायला म्हणून पाठवलेला. पुढच्या पानावर दुसरं शेत, पिकाने डवरलेलं आणि पक्ष्यांनी काळं झालेलं, पण एकही माणूस गोफण घेऊन हाकलायला येत नाही. कारण ते शेत बाईंनी पक्ष्यांसाठीच विकत घेतलेलं आहे. बाजूच्या शेतातून हुसकावलेले पक्षी इथे येऊन बसतात. या दोन्ही गोष्टी माल्कमने नोंदवल्या आहेत. सात वर्षांच्या मुलाला यात बैल आहेत, पक्षी आहेत, शेतकऱ्याची फजिती आहे. न्याय, दया हे शब्दही काढावे लागत नाहीत.

आता त्या चित्रात बाई कशा दिसाव्यात? माल्कमने त्यांचं वर्णन दिलंय, मध्यम उंची, अंगाने अगदी बारीक, वर्ण सावळा. नवरा 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात गेल्यापासून अंगावर पांढरं वस्त्र, दागिना म्हटला तर गळ्यात छोटीशी माळ. राघोबादादांची आनंदीबाई रूपाने प्रसिद्ध. तिने म्हणे आपली एक बाई मुद्दाम अहिल्याबाईंना बघून यायला पाठवली. ती परत येऊन म्हणाली, नाकीडोळी सुंदर नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे. आनंदीबाई म्हणाली, म्हणजे सुंदर नाही ना, मग झालं तर! आणि आपली पुस्तकं बघा. पांढरं लुगडं बरोबर काढतात आणि आतली बाई दुधासारखी गोरी, गोबऱ्या गालांची. सावळा रंग राखून ठेवतात शत्रूसाठी. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या सावळ्या मुलींनी ते पुस्तक बघितलं तर त्या काय समजतील?

म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी मजकुराआधी चित्रं बघते. मागे नेहमी राजवाडाच काढलाय का? बाईंनी राजधानी केली महेश्वरला. ती इंदूरला आली ती 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर, त्या गेल्यावर 23 वर्षांनी. बाईंपुढच्या कागदावर काय लिहिलंय? दरबारचा पत्रव्यवहार मोडीत चाले, बोरूने लिहिलेला, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. छापल्यासारखं सुटं देवनागरी काढलं असेल तर चित्रकाराने एकही जुना कागद बघितलेला नाही. चित्रात राजाराणीखेरीज कुणी काम करताना दिसतं का, पाणी भरणारी, घाट बांधणारी, माग चालवणारी माणसं? चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आहे की शेवटी बारीक अक्षरात दडवलंय? आणि ही माहिती कुठून मिळाली हे सांगणाऱ्या दोन ओळी मोठ्यांसाठी म्हणून कुठे तरी आहेत का? या शेवटच्या एका गोष्टीवर मी पुस्तक घेते किंवा ठेवून देते.

आणखी एक. जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं आयुष्य कोंबलेलं पुस्तक या वयाला नको. छापखान्यात मोठा ताव दुमडून पानं निघतात, ती आठाच्या पटीत, म्हणून चित्रपुस्तकं 16, 24, फार तर 32 पानांची. बाईंचं आयुष्य 70 वर्षांचं. दर पानाला दोन-चार वर्षं! मग होतं काय, एका पानावर लग्न, उलटलं की नवरा गेला, उलटलं की सासरे गेले, उलटलं की काशी, सोमनाथ, गया एकाच ओळीत. मुलाच्या हाती फक्त मरणाऱ्यांची यादी लागते. त्यापेक्षा एका दिवसाचं पुस्तक शोधा. बाईंचा दिवसही माहीत आहे आपल्याला. पहाटे उजाडण्याच्या तासभर आधी उठायचं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती, दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार, मग पुन्हा पूजा आणि थोडं खाणं, आणि रात्री नऊ ते अकरा परत कामकाज. कुणी तरी यावर पुस्तक करायला हवं. रात्री नऊनंतर दप्तर उघडून बसलेली बाई मुलांना लगेच ओळखीची वाटेल. बऱ्याच जणांच्या घरी तशी एक असते.

भाषेची काळजी करू नका. हिंदीतलं चांगलं पुस्तक मिळालं तर ते आणा, त्याला हिंदीत वाचू द्या, आणि गप्पा मराठीत मारा. भोपाळच्या एकलव्यची पुस्तकं आणि त्यांचं ‘चकमक’ मासिक आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना सोयीचं आहे. मराठीसाठी नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालिका स्वस्त आहे, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं देखणी असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेली असतात. त्याला पहिल्या-दुसऱ्या पायरीपासून सुरू करा. तिथे इतिहासाची कमी, पण मराठी वाचनाची गाडी रुळावर यायला उपयोगी. आणि इतिहास म्हणजे राजेच असं नाही. मिठाचा, आगगाडीचा, विहिरीचा, टपालाचा इतिहास या वयाला जास्त मानवतो, कारण त्यात कुणाला मारावं लागत नाही.

एखादी माहेश्वरी साडी सासूबाईंच्या कपाटात असेलच. विणकरांना महेश्वरला आणून वसवलं ते बाईंनीच. सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता आहे, एका रविवारी ती साडी बरोबर घेऊन जा. काठावरची चटई, लहर, वीट यांची नक्षी किल्ल्याच्या नि घाटाच्या दगडांवर कुठे दिसते का, हे मुलाला शोधायला लावा. नर्मदेच्या पायऱ्यांवर बसून काठ आणि दगड शेजारी शेजारी धरून बघणारा मुलगा इतिहासच वाचत असतो. तिथे जाऊन भाषण मात्र करू नका, पोहे खा.

आता सासूबाईंबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे त्यांना इंदूरला येऊन पन्नास वर्षं झाली. म्हणजे 1984 साली त्या इथेच होत्या. इंदिराजींच्या हत्येनंतर शहरात दंगल झाली आणि राजवाडा जळाला, हे तुमच्या मुलाला कुणी सांगितलंय का? राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. आग कुठे चढली असेल हे सात वर्षांच्या मुलाला चौकात उभं राहून वर बघितलं की न सांगता कळतं. ती पहिली आग नव्हती. 1801 साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं तेव्हाही वाडा जळला होता. पण त्या आगीचा साक्षीदार कुठून आणणार? 1984 चा तुमच्या घरात आहे.

एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून आठ पानांचं पुस्तक करा. आजीला विचारायचं काम मुलाचं. आजी, तू त्या दिवशी कुठे होतीस? तुला स्वतःला काय दिसलं? कुणाकडून काय ऐकलंस? आबा काय म्हणाले? नियम एकच. आजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते रंगवायचं, आणि ऐकलं ते नुसतं पेन्सिलीने काढायचं, रंग भरायचा नाही. दंगलीत माणसांचं काय झालं, हे किती सांगायचं ते आजीवर सोडा. नातवाला काय झेपतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कळतं. तिसऱ्या-चौथ्या पानावर गाडी अडेल. आजी म्हणतील, हे मी पाहिलं की ऐकलं, आता आठवत नाही बाई. अडू द्या. त्या पानाचं काय करायचं, अर्धं रंगवायचं का, हे दोघांना ठरवू द्या.

हे पुस्तक झालं की मग वासराच्या गोष्टीकडे परत जा आणि त्यालाच विचारा, रथाचं पान रंगवायचं की पेन्सिलीचं? मला वाटतं तो बरोबर सांगेल, आणि तेही आजीसमोर, म्हणजे तुमच्यावर बोलायची वेळ येणार नाही. फक्त त्याला असं वाटू शकतं की आजी खोटं सांगत होती. तसं वाटू देऊ नका. त्यांनी ऐकलेलं सांगितलं, प्रेमाने सांगितलं, आणि तिरुवारूरच्या आज्यांनीही तेच केलं.

ता. क. चं उत्तर. लपवू नका, पण भावाला आजच फोन करा. पुस्तक प्रतापगडाचं असेल तर म्हणा, ते दोन वर्षांनी पाठव. वाघनखं आणि कोथळ्याचं पान या घरात सध्या नको. आग्र्याहून सुटकेचं मिळालं तर उत्तम. 1666 चा ऑगस्ट, बाहेर पहारा, आजारपणाचं सोंग, रोज बाहेर जाणारे मिठाईचे पेटारे, आणि एक दिवस महाराज नाहीत! कुणी मरत नाही, लपाछपी आहे, आणि नऊ वर्षांचे संभाजीराजे बरोबर आहेत, म्हणजे मुलाला उभं राहायला जागा आहे. महाराज पेटाऱ्यात बसून गेले की वेष पालटून, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, तेव्हा पेन्सिल-रंगाचा वाद इथेही रंगेल. पार्सल आलं की ते आधी तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चाळा, चित्रं बघा, शेवटचं पान बघा, मगच त्याच्या हाती द्या. आणि भावाने प्रतापगडच पाठवलं असेल, मामा लोक ऐकतात थोडेच, तर ते कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि मुलाला सरळ सांगा की मामाने दोन पुस्तकं ठरवली आहेत, हे नऊ वर्षांचा झाल्यावरचं.